गॅस शेगडीची घरगुती दुरुस्ती: कुठे हात घालायचा, कुठे थांबायचं

थंडी पडली की जळगाव-भुसावळकडच्या घरांत भरिताची वांगी यायला लागतात आणि त्यापाठोपाठ शेगडीच्या तक्रारीही. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली तर शेगडीचा प्रश्नच येत नाही. घरी मात्र ती थेट बर्नरवर ठेवली जातात. साल तडकते, रस टपटप गळतो आणि बर्नरच्या भोकांत करपून बसतो. चार-सहा वेळा असं झालं की ज्योत एका बाजूनेच पेटते. कळण्याची भाकरी जाळावर फुगवताना पीठ झडतं ते वेगळं, शेवभाजीचा रस्सा उतू जातो ते आणखी वेगळं. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "भाऊ, भांडा काया व्हयी ऱ्हायनात, शेगडी बदलाले पाहिजे."

बहुतेक वेळा शेगडी बदलायची गरज नसते. घरगुती शेगडीत बिघडण्यासारखं मुळातच थोडं असतं आणि जे बिघडतं त्यातलं बरंचसं म्हणजे एकतर साचलेली घाण किंवा जुनं झालेलं रबर. ही दोन्ही कामं घरच्या घरी होतात. काही भागांना मात्र आपण हात लावायचाच नाही. ही रेघ नेमकी कुठे आहे, ते शेगडी पहिल्यांदाच उघडणाऱ्याला कळावं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गॅसचा रस्ता समजून घ्या

हंडीत, म्हणजे सिलिंडरमध्ये, गॅस दाबाखाली द्रवरूपात भरलेला असतो. घरगुती हंडीत तो १४.२ किलो असतो. हा दाब मोठा असतो आणि आपल्याकडचा उन्हाळा लागला की आणखी वाढतो. रेग्युलेटर तो दाब उतरवून दर चौरस सेंटीमीटरला साधारण ३० ग्रॅमवर आणतो. तिथून पुढे नारिंगी पाईप, शेगडीच्या बाजूचं नोझल, शेगडीच्या पोटातली आडवी लोखंडी नळी, तिच्यावर बसवलेले कॉक (बटण फिरवलं की गॅस सोडणारे-अडवणारे भाग), कॉकच्या तोंडाशी पितळी जेट, मग गॅस आणि हवा जिथे मिसळतात ती मिक्सिंग ट्यूब आणि सगळ्यात वर बर्नर.

आपली रेघ या दाबावरूनच ठरते. हंडी, तिच्या तोंडातला व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर या भागांत मोठा दाब असतो, म्हणून ते काम एजन्सीचं. रेग्युलेटर तर अनामत रकमेवर मिळालेला असतो. तो खराब झाला तर उघडायचा नाही, कनेक्शनचं कार्ड घेऊन एजन्सीत जायचं आणि बदलून आणायचा. बाजारात सुटा मिळणारा रेग्युलेटर कितीही चकचकीत असला तरी घेऊ नका. पाईपपासून बर्नरपर्यंतचं काम घरी होऊ शकतं. त्याला अपवाद एकच, कॉक. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

वास आला तर दुरुस्ती नाही

दुरुस्ती शिकण्याआधी हे पाठ करा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला की तो वर जात नाही, ओट्याखाली आणि जमिनीलगत साचतो. मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. म्हणून नुसता वास आला तरी पुढचं सगळं करा: रेग्युलेटर बंद करा, शेगडीची बटणं बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा. दिवा-पंख्याच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका. चालू असलेलं बटण बंद करतानाही ठिणगी पडते. आपल्याकडे पुष्कळ घरांत देवघर स्वयंपाकघराच्याच कोपऱ्यात असतं. तिथली समई, निरांजन, उदबत्ती आधी विझवा. जमलं तर रेग्युलेटर काढून हंडीच्या तोंडावर तिला दोरीने बांधलेलं झाकण घट्ट बसवा, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर आल्यावरच मोबाईलवरून १९०६ लावा. गॅसगळतीसाठीचा हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

सुरुवात कशी करायची

शेगडी थंड असताना, दिवसाउजेडी, सकाळचा स्वयंपाक आटोपल्यावर काम काढा. दिवे लागायच्या वेळेला शेगडी उघडून बसू नका. एखादा स्क्रू हरवला तर घर उपाशी राहतं. रेग्युलेटरची चावी बंद करा. आधी एक बर्नर चालू ठेवून चावी बंद केली तर पाईपमधला उरलेला गॅस जळून जातो आणि ज्योत आपोआप विझते. मग बटण बंद करा, रेग्युलेटर हंडीवरून काढा आणि झाकण लावा.

हत्यारं फार नाहीत: एक स्क्रूड्रायव्हर, दोन पाने, जुना टूथब्रश, बारीक पिन, टॉर्च, सुती कापड, वाटीभर साबणाचं पाणी आणि सायकलच्या चाकाची एक जुनी तार. या तारेचा उपयोग मिक्सिंग ट्यूबमध्ये होतो. काढलेले स्क्रू आणि भाग एका ताटलीत ठेवा. लहान आणि मोठ्या बर्नरचे भाग वेगवेगळ्या बाजूंना ठेवा, कारण ते एकमेकांत बदलले की शेगडी कधीच नीट चालत नाही.

बर्नर

ज्योत काय सांगते ते आधी बघा. निळी, आवाज न करणारी आणि सगळीकडून सारखी असेल तर बर्नर ठीक आहे. पिवळी, लांबट, हलती असेल आणि भांड्याला काजळी धरत असेल, तर गॅसला पुरेशी हवा मिळत नाहीये. काही भोकं पेटतात आणि काही नाही, म्हणजे ती बुजलीत. ज्योत बर्नरपासून उचलली जाऊन फुरफुरते तेव्हा हवा जास्त होतेय किंवा बर्नरचं वरचं झाकण नीट बसलेलं नाही. हंडी संपत आली की ज्योत थोडी लालसर होते. तेव्हा शेगडीच्या मागे लागू नका, हंडी हलवून बघा.

बर्नर काढणं सोपं आहे, वर उचलला की निघतो. करपलेला थर चाकूने खरवडू नका. पातेल्यात कडकडीत पाणी घ्या, त्यात भांड्याचा साबण टाका आणि बर्नर अर्धा तास बुडवून ठेवा. बर्नर पितळी असेल तर शेवटी चिंचेच्या कोळाने हलकं चोळून लगेच धुवा, चकाकी येते. पण चिंचेत किंवा लिंबात रात्रभर ठेवू नका, पितळ खाल्लं जातं. ॲल्युमिनियमच्या बर्नरला धुण्याचा सोडा लावू नका, तो काळा पडतो आणि झिजतो. त्याला नुसता साबण आणि ब्रश पुरतो.

मग खरं काम, भोकांचं. बर्नर उजेडाकडे धरा आणि एकेक भोक बघा. जिथून उजेड येत नाही तिथे पिन घालायची, सरळ आत आणि सरळ बाहेर. पिन गोल फिरवायची नाही, त्याने भोक मोठं होतं आणि तिथली ज्योत बाकीच्यांपेक्षा उंच येते. वांग्याचा रस करपून झालेला थर काचेसारखा कडक असतो, एका दमात निघत नाही. परत गरम पाण्यात टाका आणि परत पिन घाला. सगळी भोकं मोकळी झाली की बर्नर उपडा करून लाकडावर हलकेच ठोका, आतला भुगा पडतो. तो आत राहिला तर पेटवल्यावर पुन्हा भोकाशी येऊन बसतो.

आता बर्नर वाळवा. ही पायरी सगळे गाळतात, आणि मग "साफ केल्यावर जास्तच बिघडली" म्हणतात. आत थेंबभर पाणी राहिलं तरी ज्योत फडफडते. आपल्याकडे उन्हाची टंचाई नाही, तासभर अंगणात ठेवा. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने करा, नाहीतर भोकांवर पांढरा क्षार बसतो.

परत बसवताना बर्नर हाताने जरा फिरवून बघा. तो खाचेत बसला की डुगडुगत नाही. तिरका बसलेला बर्नर कधी कधी 'फट्' आवाज करून आतल्या नळीतच पेटतो, तिथून सूं-सूं आवाज यायला लागतो. असं झालं तर बटण ताबडतोब बंद करा, शेगडी पूर्ण थंड होऊ द्या, मगच पुन्हा बसवा.

भरीत करायचं असेल तेव्हा वांगी थेट बर्नरवर न ठेवता वर भाजायची जाळी ठेवा आणि साल तडकायला लागली की वांगं सारखं फिरवत राहा, म्हणजे रस एका जागी गळत नाही. झाल्यावर बर्नर त्याच दिवशी धुतला तर पिन घालायची वेळच येत नाही.

मिक्सिंग ट्यूब आणि कापूस

बर्नर चकचकीत आहे, तरी ज्योत पिवळीच. अशा वेळी शेगडी उलटी करा. काचेची असेल तर खाली जाड चादर घाला आणि दुसऱ्या माणसाला धरायला सांगा. जेटच्या समोर मिक्सिंग ट्यूबचं तोंड उघडं दिसतं. गॅस जेटमधून जोरात निघतो तेव्हा याच तोंडातून बाहेरची हवा ओढून घेतो. हवेबरोबर जे काही तरंगत असेल तेही आत जातं.

खानदेशात इथे कापूस सापडतो. भाव वाढेल या आशेने कित्येक शेतकऱ्यांच्या घरात वेचणीनंतर महिनोन्महिने कापूस साठवलेला असतो. खोलीत, ओसरीवर, कधी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. त्याचे तंतू हवेत उडत राहतात आणि ट्यूबमध्ये तेलकट वाफेला चिकटून नमद्यासारखा थर धरतात. बंद असलेल्या शेगडीत कोळीही जाळं करतो, विशेषतः लग्नकार्यालाच बाहेर काढल्या जाणाऱ्या जास्तीच्या शेगडीत. सायकलच्या तारेच्या टोकाला कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून ट्यूबमध्ये आरपार फिरवा. दोन्ही टोकांनी टॉर्च मारून बघा.

आणि ज्या घरात कापूस भरलाय त्यांना कळकळीने सांगतो: शेगडी आणि हंडी त्या खोलीत ठेवूच नका. साफसफाईने ज्योत सुधारेल, पण कापसाला एक ठिणगी पुरते.

काही शेगड्यांना ट्यूबच्या तोंडावर हवा कमी-जास्त करायची पत्र्याची चकती असते. सफाई झाल्यावरही ज्योत पिवळी राहिली तर ती किंचित उघडा, ज्योत उचलली जात असेल तर किंचित बंद करा. एका वेळी केसभरच हलवा आणि मिनिटभर ज्योत बघा.

जेट

ज्योत सगळीकडून सारखी आहे पण लहान आहे, दुसऱ्या बर्नरवर मात्र ठीक आहे, तर जेटमध्ये कचरा अडकलाय. जेट म्हणजे कॉकच्या टोकाचं लहानसं पितळी बोंड. त्याचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि शेगडी किती गॅस घेते ते त्यावरच ठरतं. म्हणून इथे घाई नको.

मिक्सिंग ट्यूबचा स्क्रू काढून ट्यूब बाजूला करा. एका पान्याने कॉक धरून ठेवा आणि दुसऱ्याने जेट सोडवा. कॉक न धरता जोर लावला तर मागची नळी पिळली जाते. जेट उजेडाकडे धरा. आधी फुंकर मारा, नंतर जेट साफ करायच्या खास बारीक तारेने भोक मोकळं करा. शिवणाची सुई किंवा रॉकेलच्या स्टोव्हची जाड पिन घुसवायची नाही. भोक जरा जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, ज्योत पिवळी होते आणि तो जेट कायमचा कामातून जातो. तसं झालं तर नवा आणा. नवा आणताना जुना नमुना सोबत न्या आणि हंडीच्या गॅसचाच जेट मागा. पाईपलाईनच्या गॅसच्या जेटचं भोक मोठं असतं, तो इथे चालत नाही.

बसवताना आधी बोटांनी आटे फिरवा, सरळ जाताहेत याची खात्री झाली की मग पाना. आवळून झाल्यावर, पुढे दिलेली साबणाच्या पाण्याची तपासणी करून मगच, बर्नर पेटवा आणि खाली वाकून बघा. जेटच्या मुळाशी ज्योत किंवा वास असेल तर लगेच बंद करा आणि पुन्हा बसवा.

पाईप

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पाईपकडे, आणि सगळ्यात जास्त धोकाही तिथेच. नारिंगी सुरक्षा पाईपच्या पोटात तारेची जाळी असते, तरी त्याचं आयुष्य पाच वर्षांचंच. पाईपवर छापलेली तारीख वाचा. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली. सातपुड्यातल्या गावांत, अक्कलकुवा-धडगावकडे, कित्येक घरांत तेव्हाच पहिल्यांदा शेगडी आली. त्या पहिल्या काही वर्षांत मिळालेले पाईप अजून वापरात असतील तर त्यांची मुदत केव्हाच उलटून गेलीय. तुमच्या घरात नसेल, तर आजीच्या, मावशीच्या घरी जाऊन बघा.

तारीख शिल्लक असली तरी पाईप वाकवून बघा. पृष्ठभागावर बारीक तडे दिसले, कडक लागला, टोक सैल झालं किंवा उंदराने कुरतडल्याच्या खुणा दिसल्या तर तो गेला. पत्र्याच्या घरात उन्हाळाभर तापलेलं रबर लवकर कडक होतं. उंदीर बहुतेक भिंतीकडच्या, न दिसणाऱ्या बाजूने कुरतडतो, म्हणून बोट फिरवून तपासा.

नवा पाईप आयएसआय चिन्हाचा, शक्यतो एजन्सीतूनच घ्या. दीड मीटरपेक्षा लांब नको. दोन तुकडे जोडलेला तर अजिबात नको. जुना काढताना ओढाताण न करता पिळत काढा. नव्याचं टोक नोझलवर थेट शेवटपर्यंत सरकवा. घट्ट असेल तर टोक मिनिटभर कोमट पाण्यात धरा आणि पुसून बसवा. तेल लावू नका, मेणबत्तीवर गरम करू नका. पाईप सैल बसत असेल तर वर क्लिप आवळून भागवू नका, योग्य मापाचा आणा. पाईप शेगडीच्या मागून, तापलेल्या पत्र्याला लागून जाऊ देऊ नका, आणि शोभेसाठी त्यावर कापडी खोळही चढवू नका. खोळीखाली काय चाललंय ते दिसत नाही.

साबणाच्या पाण्याची तपासणी

काहीही काढलं-घातलं असेल तर ही तपासणी झाल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही. रेग्युलेटर बसवा, चालू करा, शेगडीची सगळी बटणं बंद ठेवा. साबणाचा दाट फेस ब्रशने पाईपच्या दोन्ही टोकांना, रेग्युलेटरच्या खालच्या कडेला, लोखंडी नळीच्या जोडांना आणि कॉकच्या बुडाशी लावा. घाई न करता बघत राहा. बुडबुडा फुगताना दिसला की तिथे गळती आहे. रेग्युलेटर बंद करून तो जोड पुन्हा करा. काडी पेटवून गळती शोधणारे लोक अजून भेटतात. तसं कोणालाही करू देऊ नका, मग तो मेकॅनिक का असेना.

रेग्युलेटरच्या कडेला बुडबुडे आले तर हंडीच्या व्हॉल्व्हमधली रबरी रिंग खराब असण्याची शक्यता जास्त. ती आपण बदलायची नाही, झाकण लावून एजन्सीला कळवायचं. नवी हंडी घेतानाच घरपोच देणाऱ्या भाऊंकडून ही तपासणी करून घेतली तर हा प्रश्न दारातच सुटतो. तेव्हाच हंडीच्या कड्याखालच्या पट्टीवरचं अक्षरही वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर आणि पुढे वर्ष. ती मुदत उलटलेली हंडी परत करा.

बटण आणि कॉक

बटण तडकलं असेल तर ते ओढून काढा आणि जुनं घेऊन दुकानात जा. आतल्या दांड्याची चपटी बाजू कुठल्या अंगाला आहे ते प्रत्येक शेगडीत वेगळं असतं. अडकलं असेल तर खालून कापडाची पट्टी घालून दोन्ही टोकांनी सरळ वर ओढा.

बटण जड फिरतं, म्हणजे कॉकमधलं ग्रीस वाळलंय. बटणाच्या फटीत खोबरेल तेल सोडतात, पण तेल आतपर्यंत जात नाही आणि गेलं तर गरम होऊन चिकट होतं. कॉकच्या आत निमुळता पितळी खुंट असतो, तो आपल्याच खोबणीत अचूक बसेल असा घासलेला असतो. नवख्याने तो उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मेकॅनिकला बोलवा, पण शेजारी बसून तीन गोष्टी बघा. एका कॉकचा खुंट दुसऱ्यात जाऊ नये. ग्रीस गॅस कॉकचंच असावं आणि ते पातळ लावावं, कारण जास्तीचं ग्रीस गॅसच्या भोकात शिरतं. आणि शेवटी साबणाचं पाणी लावलंच पाहिजे. बटण बंद असूनही बर्नरला वास येत असेल तर तो कॉक त्याच दिवशी दुरुस्त करा, तोवर रेग्युलेटर बंद.

गल्लीत "गॅस-कुकर रिपेअर" ओरडत येणाऱ्यांत खरे कारागीरही असतात. पण गळ्यात कार्ड अडकवून, "कंपनीकडून तपासणीला आलोय" म्हणत घाबरवून महागडा पाईप माथी मारणारे वेगळे. आधी एजन्सीला फोन करा, मगच दार उघडा.

ठिणगी पडत नसेल

स्वयंचलित शेगडीत टकटक आवाज येतो पण पेटत नाही, तर बर्नरजवळच्या पांढऱ्या चिनी मातीच्या कांडीवर रस सांडलेला असतो. कोरड्या कापडाने पुसा. आवाजच नसेल तर खालचा सेल बदला. एवढ्याने झालं नाही तर लायटर वापरा, स्वयंपाक काही अडत नाही.

शेगडी खरंच बदलायची केव्हा

आतली लोखंडी नळी गंजली असेल, ग्रीस करूनही कॉक गळत असेल किंवा काचेला चीर गेली असेल, तर खर्च करत बसू नका. काच तर तापलेली असताना ओल्या फडक्याने पुसल्यानेच बहुधा जाते. नवी घेताना आयएसआय चिन्ह बघा, बर्नर हातात घेऊन पितळेचं वजन बघा, आणि सुटे बर्नर, जेट, बटणं तालुक्याच्या बाजारात मिळतात का ते दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारा. जुनी भंगारात घालताना पितळी बर्नर आणि जेट आधी काढून घ्या. पितळेचा भाव लोखंडापेक्षा वेगळा लागतो.